शिनानोच्या काठाकाठानं

कोबुशीच्या डोंगरावर पडलेल्या पावसापुढे तीन वाटा असतात. एका उतारावरचं पाणी आराकावा नदीतून टोक्योच्या उपसागराला मिळतं. दुसऱ्या उतारावरचं फुएफुकीतून फुजी नदीत आणि तिथून प्रशांत महासागरात उतरतं. तिसऱ्या उतारावरचं पाणी मात्र या दोघांकडे पाठ फिरवून उत्तरेला निघतं आणि डोंगरांच्या रांगांमधून वाट काढत देशाच्या पलीकडच्या कुशीला, जपानच्या समुद्रात जाऊन पोचतं. ही तिसरी वाट ३६७ किलोमीटरची. जपानची सर्वांत लांब नदी ती हीच, शिनानो.

३६७ म्हणजे आपल्या गोदावरीच्या जेमतेम पाव. पण गोदावरी त्र्यंबकजवळ साधारण हजार मीटरवरून निघून साडेचौदाशे किलोमीटर रमतगमत जाते. इथं २,४७५ मीटर उंचीच्या डोंगराच्या अंगावर उगवलेली नदी पाव अंतरात दुपटीहून जास्त उतरते. हिच्या काठच्या माणसांचे बहुतेक उद्योग आणि बहुतेक चिंता या उतारातून आल्या आहेत.

मोकिदाइराहून आम्ही चढायला लागलो तेव्हा मे महिना नुकता लागला होता. सोबत टोक्योत बरीच वर्षं काढलेली मावसबहीण होती. जपानी बोलण्याची सगळी जबाबदारी तिची, आणि पिशवीतले लाडू सांभाळण्याची माझी. पायवाटेला लार्चची झाडं, त्यांना नुकती फुटलेली पोपटी पालवी, सावलीच्या कोपऱ्यांत अजून टिकून राहिलेला मळकट बर्फ. टोक्योच्या लोकलमध्ये शेजारच्याकडे चुकूनही न बघणारी माणसं डोंगरात आली की बदलतात. समोरून येणारा प्रत्येक जण ‘कोन्निचिवा’ म्हणूनच पुढे जातो. सह्याद्रीत गडाच्या वाटेवर अनोळखी माणसं एकमेकांना ‘जय शिवराय’ घालतात, त्याची आठवण झाली. फक्त इथं आवाज खालच्या पट्टीतला.

उगमाशी एक लाकडी खांब आहे, त्यावर नदीचं नाव. शेजारी मुळांच्या आणि शेवाळाच्या बेचक्यातून पाणी झिरपतं. कुंड नाही, गोमुख नाही, देऊळ नाही, दक्षिणा मागणारं कुणी नाही. एक निवृत्त दिसणारे गृहस्थ वाकून ओंजळभर पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि डबा उघडून बसले. मला जरा चुकल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या नदीच्या उगमाशी काहीतरी करायला हवं असं वाटत राहतं, ही सवय आपण घरून घेऊन निघतो.

खाली कावाकामी हे नदीकाठचं पहिलं मोठं गाव. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून वर, थंड, पूर्वी घोडे, बकव्हीट आणि लार्चची रोपं यांच्यावर गुजराण करणारं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या अमेरिकी सैनिकांना कच्ची खाता येईल अशी स्वच्छ भाजी हवी होती, त्या मागणीनं इथं लेट्यूस आणलं आणि गावाचं नशीब पालटलं. उन्हाळ्यात सारं जपान उकडत असताना कुरकुरीत पानं पिकवण्याजोगी थंडी याच उंचीवर असते. आम्ही गेलो तेव्हा शेतं पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी झाकलेली होती आणि त्यांच्या भोकांत बोटभर रोपं लावण्याचं काम चाललं होतं. लावणाऱ्यांत आग्नेय आशियातून आलेली तरुण पोरं बरीच. कापणीच्या दिवसांत म्हणे मध्यरात्रीनंतर शेतांत दिवे लागतात, कारण पहाटे कापलेला गड्डा शहरात ताजा पोचायला हवा. किमिया युई हे अंतराळवीर याच गावचे. गावकरी हे सांगतात, पण लेट्यूसचा विषय संपल्यावर.

इथल्या नदीला शिनानो म्हटलं तर लोक सौम्यपणे दुरुस्ती करतात. नागानो प्रांताच्या हद्दीत ती चिकुमा. २१४ किलोमीटर चिकुमा आणि हद्द ओलांडल्यावर उरलेले १५३ किलोमीटर शिनानो. भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

कोउमी मार्गाची दोन डब्यांची गाडी नदीला धरून उतरत जाते. साकूला गोड सोयामध्ये शिजवलेला कार्प खाल्ला. पाकात मुरलेला, काटेसुद्धा चघळता येतील इतका मऊ. माशात साखर ही कल्पना पचायला मला दोन घास लागले, तिसऱ्याला भात जास्त मागवला. कोमोरोचा किल्ला गावापेक्षा खालच्या पातळीवर आहे. वरून खाली किल्ल्यात उतरायचं, असा उलटा प्रकार मी तोवर पाहिला नव्हता. त्याच्या कड्यावरून चिकुमाचं वळण खोल खाली दिसतं. लेखक शिमाझाकी तोसोन १८९९ ते १९०५ या काळात इथं मास्तर होते आणि चिकुमाकाठची शब्दचित्रं त्यांनी याच मुक्कामात जमवली. उएदामध्ये सानादा घराण्यानं तोकुगावांच्या फौजा दोनदा परतवल्या, त्याची गोष्ट स्टेशनपासून बिस्किटाच्या खोक्यापर्यंत सगळीकडे लिहिलेली आहे. मला तिथं जास्त आवडला तो लाल लोखंडी रेल्वेपूल. ऑक्टोबर २०१९ च्या वादळात त्याचा एका बाजूचा भाग नदीत कोसळला. छोट्या खासगी मार्गाचा पूल तो, तोट्यातला. सोडून देता आला असता. २०२१ च्या मार्चमध्ये तो पुन्हा उभा राहिला.

त्या वादळाची खरी गोष्ट मात्र नागानो शहराच्या कडेला, होयासूला ऐकायला मिळते.

होयासूच्या आसपास सफरचंदांच्या बागा आहेत, आणि मेच्या आरंभी त्या फुललेल्या असतात. पांढऱ्या फुलांना किंचित गुलाबी कड. एका बागाईतदार आजी-आजोबांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. चहा आला आणि चहाबरोबर बशीत लोणचं. नोझावाना नावाच्या पालेभाजीचं, मिठात मुरवलेलं, लांब देठांचं. आपल्याकडे चहाबरोबर खारी किंवा बिस्किट. नागानोत खारवलेला पाला. कप रिकामा झाला की आजी न विचारता भरत. आपला पेला पालथा घालून ‘पुरे’ म्हणायची सोय तिथं नाही, त्यामुळे शेवटचा कप अर्धा भरलेला ठेवणं हाच उपाय, असं बहिणीनं कानात सांगितलं.

१३ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे इथला बांध सुमारे ७० मीटर लांबीत फुटला. आजोबांनी भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. तो हात त्यांच्या डोक्याच्या वर होता. जवळच्याच यार्डात उभ्या असलेल्या शिंकानसेनच्या दहा गाड्या, १२० डबे, पाण्यात बुडाले आणि पुढे सगळे मोडीत काढावे लागले. त्यांचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. बागांमधला गाळ काढायला लोक महिनोन्महिने राबले, ते फार कुठे छापलं गेलं नाही.

या भागात जुन्या पुरांच्या पातळ्या नोंदवलेला एक खांब आहे. सर्वांत वरची खूण १७४२ च्या पुराची, ज्यात या खोऱ्यात सुमारे २,८०० माणसं गेली. खांबापाशी उभं राहिल्यावर सांगलीचा आयर्विन पूल आठवणारच. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं तिथं ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. सांगलीकर पाऊस सुरू झाला की एकमेकांना फूट विचारतात, होयासूचे लोक मीटर विचारतात.

पूर इथंच का, याचं उत्तर भूगोलात आहे. नागानोच्या सपाट खोऱ्यात पश्चिमेकडून साई नदी येऊन चिकुमाला मिळते, पात्र ऐसपैस पसरतं, आणि थोडं पुढे गेल्यावर तातेगाहाना इथं दोन्ही बाजूंच्या टेकड्या ते एकदम आवळतात. वरून येणारं पाणी तुंबतं आणि मागे फुगतं. हा घसा रुंद करायचा तर पाणी लवकर सुटेल, पण ते सुटून खालच्या इइयामावर जाईल, आणि इइयामातही त्या वादळात पाणी शिरलं होतं. आजोबांना हे सगळं तोंडपाठ होतं. ‘खालच्यांनाही झोप यायला हवी ना,’ एवढं म्हणून त्यांनी विषय सोडला. कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण यांवरून आपल्याकडे होणारी भाषणं मला आठवली. वाद तोच, आवाजाची पट्टी मात्र इथंही खालची.

इइयामाला नदीकाठचा उतार पिवळ्याधमक फुलांनी भरला होता. दुरून मोहरीची शेतं वाटतात. जवळ गेल्यावर कळलं की हा चहाबरोबर खाल्लेला नोझावानाच, कापायचा सोडून फुलू दिलेला. मागे बर्फाचे डोंगर, मध्ये नदी, पुढे पिवळं. दृश्य इतकं सजवलेलं की त्यावर काही लिहावंसं वाटत नाही. आम्ही भाजलेली ओयाकी खात बसलो. जाड पिठाच्या गोळ्यात सारण, आणि सारण अर्थातच नोझावानाचं.

इथून गाडी नदीच्या कडेनं अरुंद दरीत शिरते. मोरिमियानोहारा या छोट्या स्टेशनाबाहेर एक उंच खांब आहे. हा पुराचा नाही, बर्फाचा. १२ फेब्रुवारी १९४५ रोजी इथं ७.८५ मीटर बर्फ साचला होता, जपानच्या रेल्वे स्टेशनांतला विक्रम. दोन मजली घर बुडावं इतका. सायबेरियाकडून येणारे कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतात आणि पहिला डोंगर आडवा आला की तो बर्फ करून इथं टाकतात. म्हणूनच या टापूतली घरं काँक्रीटच्या उंच जोत्यावर, वरच्या मजल्याला दार असलेली, अतितीव्र उताराच्या छपरांची. हाच बर्फ मे महिन्यात पाणी होऊन भातखाचरांत उतरतो. पावसाळ्याची वाट बघत आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हिवाळ्यातच पुढच्या लावणीचं पाणी डोंगरावर रचून ठेवलेलं बघून हेवा वाटेल.

त्सुनानच्या पुढे नदीनं जमीन पायऱ्यापायऱ्यांनी कापली आहे. सगळ्यात वरच्या पायरीवरून खाली पाहिलं की नदी किती युगं हे काम करत आली असेल याचा अंदाज येतो. तोकामाचीजवळ सासायामा इथं उकरलेली सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची मातीची भांडी ज्वाळांसारख्या कडांची आहेत. इतकी नक्षी घालून त्यात लोक शिजवत काय असतील, असा माझा प्रश्न. ‘सामन आणि अक्रोड,’ संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या. सामन, म्हणजे समुद्रातून नदीत अंडी घालायला चढून येणारा मासा.

तो सामन पुढे येईनासा झाला, त्याचं कारण तोकामाचीतच मियानाका इथं दिसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेल्या या बंधाऱ्यातून पाणी बोगद्यांत वळवलं जातं, ओजियाजवळ खाली सोडून वीज केली जाते आणि ती वीज तारांवरून टोक्योला जाऊन तिथल्या लोकल चालवते. यामानोते मार्गावर सकाळी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसाला आपण इथल्या बर्फावर चाललोय याची कल्पना नसते. बोगद्यात किती आणि नदीत किती हा हिशोब बराच काळ नदीच्या विरोधात होता. २००९ मध्ये परवान्यापेक्षा जास्त पाणी उचलल्याचं उघडकीला आल्यावर हा बंधारा चालवणाऱ्या रेल्वे कंपनीचा पाण्याचा हक्कच सरकारनं काढून घेतला. पुढच्या वर्षी तो परत मिळाला, पण नदीत आधीपेक्षा कितीतरी जास्त पाणी सोडण्याच्या अटीवर. मुळशीचं पाणी घाटाखाली उतरवून मुंबईसाठी वीज करायची ठरली, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. धरण झालंच. मियानाकाला माशांसाठी केलेल्या शिडीवरून आता सामन पुन्हा चढताना दिसतो. थोडा, पण दिसतो. मुळशीच्या पोटातली गावं मात्र तशीच पाण्याखाली आहेत.

तोकामाचीच्या डोंगरात एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत १९८२ पासून एक संग्रहालय आहे, मिथिला चित्रांचं. पोरं शहरात गेली, वर्ग रिकामे झाले, आणि त्या वर्गांत बिहारच्या बायकांनी काढलेली कोहबर चित्रं लागली. तिथंच जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रंही आहेत. बाहेर भातखाचरांत पाणी भरलेलं, आत गेरूच्या रंगावर पांढऱ्या काड्यांची माणसं लावणी करताहेत. डहाणूकडचं भात आणि तोकामाचीचं भात एका खोलीत भेटताना पाहून बहीण गप्प झाली. मग म्हणाली, ‘चल, भूक लागली.’

ओजियाला लाकडी चौकटींत छोट्या छोट्या गुंडाळ्या मांडलेला सोबा खाल्ला. बकव्हीटच्या पिठाला चिकटपणा यावा म्हणून इथं गव्हाऐवजी फुनोरी हे समुद्री शेवाळ घालतात. हेच शेवाळ पूर्वी विणकर धाग्याला खळ म्हणून वापरत. इथलं रामी धाग्याचं झिरझिरीत कापड हिवाळ्याच्या शेवटी बर्फावर पसरून उन्हात शुभ्र करतात. त्याला २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. मागच्या डोंगरात, यामाकोशीला, रंगीत कार्प पैदास करणारी तळी आहेत. २३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात हा सारा डोंगर सरकला, ६८ माणसं गेली. नंतर तळी पुन्हा बांधली. माणसं सगळी परतली नाहीत, मासे परतले.

नागाओकाचे रस्ते गंजलेल्या रंगाचे आहेत. अस्वच्छता म्हणावी तर गल्लीत कागदाचा कपटा नाही. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्याच्या मधोमध नळ्या पुरून भूजलाचे फवारे सोडायची युक्ती याच शहरात १९६० च्या सुमारास सुरू झाली. त्या पाण्यातल्या लोहानं डांबर तांबूस होतं. दर वर्षी २ आणि ३ ऑगस्टला इथं नदीकाठी प्रचंड आतषबाजी होते. लाखो लोक जमतात. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री अमेरिकी बॉम्बफेकीत शहराचा बहुतेक भाग जळाला होता, आणि आतषबाजीतले पहिले पांढरे बार त्या मृतांसाठी असतात. पर्ल हार्बरच्या हल्ल्याची योजना करणारे अ‍ॅडमिरल यामामोतो याच गावचे. दोन्ही गोष्टी गावात सांगितल्या जातात. एकीचा दुसरीशी संबंध कुणी आपणहून जोडत नाही.

नागाओकाच्या खाली नदी एचिगोच्या मैदानात उतरते आणि माणसाच्या हातची या प्रवासातली सर्वांत विलक्षण करणी तिथं दिसते. ओकोझुला शिनानोचे दोन फाटे होतात. उजवा नीगाता शहराकडे जातो. डावा सरळ टेकड्या फोडून नऊएक किलोमीटरवर तेरादोमारीजवळ समुद्र गाठतो. हा डावा फाटा माणसांनी खोदलेला आहे.

मैदान मुळात दलदल होतं. नीगाताच्या आसपासची जुनी छायाचित्रं बघितली तर शेतकरी कमरेइतक्या, कधी छातीइतक्या चिखलात भात लावताहेत आणि पेंढ्या होडीतून नेताहेत. पाण्याला समुद्राची जवळची वाट काढून द्या, अशी मागणी अठराव्या शतकापासून होत होती. १८७० मध्ये काम सुरू झालं आणि पाच वर्षांत थांबलं. मग १८९६ च्या जुलैत योकोता इथं बांध फुटला आणि मैदान आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिलं. १९०९ मध्ये पुन्हा खोदाई सुरू झाली. वाफेवर चालणारी यंत्रं आली, टेकड्या तीनदा ढासळल्या आणि १९२२ मध्ये पाणी समुद्राकडे सुटलं. पाचच वर्षांत ते वळवणाऱ्या बंधाऱ्याचा तळ उकरला जाऊन तो खचला. आता सगळी नदी डाव्या फाट्यानं पळू लागली, आणि उजवीकडची खाचरं आणि नीगाताकर पाण्याला महाग झाले.

दुरुस्तीला आलेले अभियंते आकिरा आओयामा तरुणपणी पनामा कालव्यावर काम करून आलेले, तिथं काम केलेले एकमेव जपानी. १९३१ मध्ये काम पुरं झालं. काठावर त्यांनी लावलेलं स्मारक आहे. त्यावरचा मजकूर जपानीत आणि एस्पेरांतोत. मानवजातीसाठी आणि देशासाठी, अशा अर्थाचा. लष्करी राष्ट्रवाद भरात यायला लागलेल्या जपानमध्ये एका सरकारी अभियंत्यानं मानवजात आधी आणि देश नंतर लिहावा, आणि तेही अशा भाषेत जी एकाही देशाची नाही, याला धाडस लागतं. मला ते स्मारक नागाओकाच्या सगळ्या आतषबाजीहून मोठं वाटलं.

खोदलेला फाटा वर रुंद आणि समुद्राकडे निमुळता आहे, कारण टेकडी फोडणं महाग होतं. तिथं पाणी वेगानं धावून तळ उकरतं. म्हणून २०१५ पासून तोंड १८० मीटरवरून २८० मीटर करण्याचं काम सुरू आहे. आम्ही पाहिलं तेव्हा डोंगराच्या कापलेल्या उतारावर पिवळी यंत्रं पुन्हा चढलेली होती. जवळच्याच कुगामी डोंगरावर र्‍योकान हा साधू राहायचा, भीक मागायला निघून गावातल्या पोरांबरोबर चेंडू खेळत बसणारा. खाली मैदानात त्याच्या काळी, हा फाटा खोदण्याआधी, पूर येत आणि जात.

आता त्याच मैदानात कोशिहिकारी तांदूळ पिकतो. आम्ही पोचलो तेव्हा लावणी चालू होती. एकेकटा माणूस यंत्रावर बसून आखीव ओळी सोडत जाई. गाणी नाहीत, बायकांची रांग नाही, चिखलात पाय नाही. नीगाताचा बराचसा भाग समुद्रपातळीच्या खाली आहे आणि पंप अहोरात्र चालतात म्हणून कोरडा आहे.

शहरातल्या बांदाई पुलावर मी मुद्दाम चालत गेलो. १९०९ चा लाकडी पूल ७८२ मीटर लांब होता. १९२९ चा हा काँक्रीटच्या कमानींचा पूल ३०७ मीटरचा. नदीच तेवढी आक्रसली होती, ओकोझुनं तिचं पुराचं पाणी आधीच समुद्रात नेल्यामुळे, आणि सुटलेल्या जमिनीवर शहर चढलं. १६ जून १९६४ च्या भूकंपात जमिनीखालची ओली वाळू पातळ झाली. महिनाभरापूर्वीच झालेला शोवा पूल पडला, काठच्या इमारती सबंधच्या सबंध कलंडल्या. बांदाई उभा राहिला.

मुखापासून पश्चिमेला समुद्रकिनाऱ्यावर काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचलेले आहेत. नदी गाळ आणत नाही, बंदराच्या भिंती वाळू अडवतात, त्यामुळे समुद्रानं इथला किनारा काही शे मीटर खाल्ला आहे. तिकडे तेरादोमारीला मात्र नवी चौपाटी तयार झाली. इथं आता बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. एक आजोबा ठोकळ्यांवर बसून गळ टाकत होते. ‘पूर्वी ही वाळू चिकुमा फुकट पाठवायची,’ ते म्हणाले. ते मूळचे उएदाचे निघाले. बादलीत वीतभर लांबीचे, फिकट सोनेरी मासे होते. किसू, म्हणजे आपल्या मुडदुशीच्याच जातीतले. मालवणात हे रव्यात घोळवून तळतात, असं मी सांगितलं. त्यांनी ते बहिणीकडून दोनदा समजून घेतलं, रवा म्हणजे काय ते विचारलं, आणि म्हणाले, ‘तेम्पुरापेक्षा कुरकुरीत होत असणार.’